संगमावरची अलेक्झांडर काउंटी आणि तिची आटत गेलेली वस्ती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भूगोलाच्या प्रबंधासाठी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतली नदीकाठची एक काउंटी निवडली आहे: इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाची अलेक्झांडर काउंटी. २०१० मध्ये तिथे ८,२३८ माणसं होती, २०२० मध्ये ५,२४० उरली. दहा वर्षांत ३६.४ टक्के घट, त्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. तुम्ही विचारता, ओहायो आणि मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमावरचं केरो हे गाव मोठं महानगर का झालं नाही? आणि लोक पुराला कंटाळून गेले का?

मी भूतांत्रिक अभियंता आहे. मिसिसिपी-ओहायोच्या काठचे पूरसंरक्षक बांध तपासणं, त्यांच्या पायाखालचा पाझर मोजणं हे काम वीस-बावीस वर्षं करतो आहे. इथे या मातीच्या बांधांना लेव्ही म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. प्रत्येक लेव्हीच्या अहवालात एक रकाना भरावा लागतो: बांधाच्या आड किती माणसं राहतात. केरोच्या बाबतीत तो आकडा दर खेपेला खाली आलेला मी पाहिला आहे. बांध जागेवर आणि माणसं कमी, हे का घडलं याचा शोध मी त्या रकान्यापायी घेत गेलो.

आधी आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. काउंटी म्हटलं की आपण जिल्हा डोळ्यांसमोर आणतो, पण इलिनॉयमध्ये अशा १०२ काउंट्या आहेत. अलेक्झांडरची जमीन जेमतेम ६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. पश्चिमेला मिसिसिपी आणि तिच्या पलीकडे मिसुरी राज्य, आग्नेयेला ओहायो आणि पलीकडे केंटकी, पूर्वेला पुलास्की काउंटी, उत्तरेला युनियन काउंटी. नकाशावर ती खाली निमुळती होत जाणाऱ्या जिभेसारखी दिसते आणि त्या जिभेच्या टोकावर केरो आहे. स्थानिक लोक 'कैरो' म्हणत नाहीत, 'केरो' म्हणतात. तिथे कुणाशी बोलणार असाल तर हा उच्चार लक्षात ठेवा, माणसं लगेच मोकळी होतात.

राज्य शिकागोचं असलं तरी ही भूमी शिकागोची नाही. केरोपासून दक्षिणेतलं मेम्फिस शहर शिकागोपेक्षा कितीतरी जवळ. अक्षांश पाहिला तर यादवी युद्धातल्या दक्षिणेची राजधानी रिचमंड हीसुद्धा केरोच्या थोडी उत्तरेलाच येते. काउंटीच्या उत्तर भागात शॉनी टेकड्यांची शेपटं उतरतात, टॅम्स-एल्को परिसरात पांढऱ्या बारीक सिलिकाच्या खाणी आहेत. त्याच्या खाली जमीन एकदम सपाट होते. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनं मेक्सिकोच्या आखातापासून वर आलेल्या किनारी मैदानाचं हे उत्तरेकडचं टोक आहे. ऑलिव्ह ब्रांचजवळचं हॉर्सशू लेक म्हणजे मिसिसिपीनं सोडून दिलेलं जुनं वळण. नाव घोड्याच्या नालेचं आणि आकारही तोच. पाण्यात उभी असलेली सायप्रस आणि टुपेलोची झाडं, बुंधे तळाशी फुगलेले, हे दृश्य लुइझियानाचं वाटतं, पण राज्य इलिनॉय. पूर्वेकडच्या कॅश नदीचं खोरं तर त्याहून नवलाचं: इतक्या रुंद दरीतून इतकीशी नदी का वाहते, असा प्रश्न पडतो. ती दरी मुळात ओहायोची. ओहायोनं वाट बदलली आणि रिकाम्या घरात कॅश राहायला आली. तुमच्या प्रबंधात या दरीवर एक प्रकरण नक्की घ्या.

संगमाची जागा ही साऱ्या इलिनॉयमधली सर्वांत सखल जमीन आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८५ मीटर. तिथे फोर्ट डिफायन्स नावाचं उद्यान आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, पाणी खाली गेलेलं. टोकावर उभं राहिलं की डाव्या हाताला ओहायो, जरा हिरवट, निवळ. उजव्या हाताला मिसिसिपी, मिसुरी नदीनं आणलेल्या गाळानं तांबूस-तपकिरी. दोन्ही पाणी भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत. बराच वेळ दोन रंगांचे पट्टे शेजारी शेजारी वाहत राहतात आणि मधल्या रेघेवर लाकडाचे ओंडके, फेस, पालापाचोळा गोल फिरत असतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. इथे ओहायोतून सरासरी सेकंदाला जवळजवळ ८,००० घनमीटर पाणी येतं, तर वरच्या मिसिसिपीतून ५,९०० च्या आसपास. पाण्याच्या मापानं मुख्य नदी ओहायो आहे, नाव मात्र मिसिसिपीचं पुढे चालू राहिलं.

इथे मोठं शहर व्हायलाच हवं, असं नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटत आलं आहे. १७०२ मध्ये फ्रेंचांनी संगमाच्या परिसरात कातडी कमावण्याचा कारखाना काढला, तो फार टिकला नाही. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये लुइस आणि क्लार्क हे शोधप्रवासी इथे काही दिवस मुक्कामाला होते आणि पुढच्या प्रवासासाठी अक्षांश-रेखांश काढण्याचा सराव त्यांनी याच जागी केला. १८१८ मध्ये, इलिनॉय राज्य होण्याच्याही आधी, जॉन कॉमेजिस नावाच्या व्यापाऱ्यानं 'सिटी अँड बँक ऑफ केरो'ची सनद मिळवली. इजिप्तमधल्या नाईलकाठच्या कैरोवरून नाव दिलं. या सगळ्या दक्षिण इलिनॉयला 'लिटल इजिप्त' म्हणतात. याच काउंटीत थीब्ज नावाचं गाव आहे, शेजारच्या काउंटीत कार्नाक आहे.

अलेक्झांडर काउंटी १८१९ मध्ये स्थापन झाली. विल्यम अलेक्झांडर या डॉक्टरचं नाव तिला मिळालं, ते पुढे राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. काउंटीचं मुख्य ठिकाण आधी अमेरिका नावाच्या गावी होतं, मग युनिटी, मग थीब्ज आणि अखेर १८६० च्या सुमारास केरो. थीब्जचं १८४८ चं दगडी न्यायालय टेकडीवरून अजून मिसिसिपीकडे बघत उभं आहे. मुख्य ठिकाण तीनदा हललं, यातच या जमिनीची अस्थिरता दिसते. १८४३ मध्ये पूर्वेकडचा भाग तोडून पुलास्की काउंटी झाली आणि 'अमेरिका' तिकडे गेलं.

केरोचा दुसरा डाव १८३७ च्या सुमारास डॅरियस हॉलब्रुकनं मांडला. त्याच्या कंपनीनं लंडनमध्ये रोखे विकून पैसा उभा केला, बांध घातले, दुकानं-कारखाने काढले. १८४० च्या अखेरीस लंडनची पेढी बुडाली आणि माणसं जशी आली तशी निघून गेली, वस्ती शंभर-दोनशेवर आली. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये बोटीनं इथून गेला तेव्हा त्याला ही ओसाड, चिखलानं भरलेली, तापाची जागाच दिसली आणि त्यानं तिच्याविषयी फार कठोर लिहिलं. त्याचे शब्द अजूनही केरोबद्दलच्या प्रत्येक लेखात येतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्यानं पाहिलं ते एका बुडीत कंपनीनं मागे टाकलेलं गाव होतं. त्या काळात एक चूक मात्र खरोखर झाली आणि ती फार महागात पडली. जमीन वर्षानुवर्षं कंपनीच्याच हातात राहिली. सामान्य माणसाला प्लॉट विकत घेऊन घर बांधता येईल अशी विक्री १८५० च्या दशकातच सुरू झाली. तोवर मिसिसिपीवरचं सेंट लुइस शहर पुढे निघून गेलं होतं.

खरा उत्कर्ष आणला तो इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं. १८५६ मध्ये हा मार्ग पुरा झाला आणि शिकागोचा माल केरोला बोटींवर चढू लागला. १८५८ च्या जूनमध्ये मिसिसिपीच्या बाजूचा बांध फुटून गाव बुडालं. बांध उंच केले, गाव पुन्हा उभं राहिलं. मग यादवी युद्ध. सप्टेंबर १८६१ मध्ये जनरल ग्रँट इथे आला आणि केरो उत्तरेच्या सैन्याचा पश्चिमेकडचा मुख्य तळ झालं. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनल्सन या दक्षिणेच्या किल्ल्यांवर जाणारी फौज इथूनच निघाली. त्याच सुमारास दक्षिणेतून सुटलेले गुलाम हजारोंनी नदी ओलांडून केरोला पोचले. त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. अनेक जण पुढे उत्तरेला गेले, बरेच इथेच राहिले. आजच्या केरोची वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय आहे, त्याची सुरुवात इथे आहे. बाकी काउंटीत मात्र गोऱ्यांची संख्या जास्त.

युद्धानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत केरोनं वैभव पाहिलं. पिठाच्या गिरण्यांच्या मालकानं बांधलेला मॅग्नोलिया मॅनर, १८७२ मध्ये पुरी झालेली दगडी कस्टम हाउसची इमारत, नाट्यगृह, हॉटेलं. गावाची लोकसंख्या १८६० मध्ये २,१८८ होती, १९०० मध्ये १२,५६६, १९२० मध्ये १५,२०३. केरोचा कळस १९२० चा, पण काउंटीचा कळस वीस वर्षांनी आला: १९४० मध्ये २५,४९६.

आता या वैभवाचं गणित कसं होतं ते बघा, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. केरोचा पैसा मालाची अदलाबदल होण्यातून यायचा. रेल्वे काठाशी संपायची. डबे फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागायचे, माल उतरायचा-चढायचा, माणसं रात्रीपुरती थांबायची. हमाल, खानावळी, गोदामं, अडते, सगळे त्या थांब्यावर जगायचे. १८८९ मध्ये ओहायोवर इलिनॉय सेंट्रलचा पूल झाला. जॉर्ज मॉरिसन आणि एल्मर कॉर्थेल या अभियंत्यांचं ते काम माझ्या व्यवसायातल्या माणसाला आजही थक्क करतं. पोचमार्गासकट जवळजवळ सहा किलोमीटरची पोलादी लांबी, त्या काळी नदीवरचं जगातलं सर्वांत लांब धातूचं बांधकाम. गावानं मोठा सोहळा केला. आणि त्या दिवसापासून गाडीला केरोला थांबायची गरज उरली नाही. १९०५ मध्ये वर थीब्जला मिसिसिपीवर दुसरा रेल्वे पूल झाला, तिथून पूर्व-पश्चिम वाहतूक केरोला वळसा घालून गेली. १९२९ आणि १९३८ च्या सुमारास रस्त्यांचे पूल झाले, मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीही बंद पडल्या. १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग ५७ चा पूल झाला आणि ट्रक-मोटारी गावाच्या बाहेरूनच मिसुरीत जाऊ लागल्या. पेट्रोल पंप, मोटेल, हॉटेल यांचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही तुटलं. पूल चांगलेच आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ज्या गावाची रोजीरोटी अडथळ्यावर होती, त्याला अडथळा गेल्यावर दुसरा उद्योग हवा होता आणि तो वेळेत आला नाही.

नदीवरची वाहतूक मात्र कमी झालेली नाही. आजही संगमापाशी बार्जचे, म्हणजे सपाट मालवाहू पडावांचे, तांडे जुळवले जातात. वर दोन्ही नद्यांवर जलपाशांच्या (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारबंद कोठ्यांच्या) मापामुळे बहुधा १५ बार्जचा तांडा चालतो. केरोच्या खाली समुद्रापर्यंत एकही जलपाश नाही, म्हणून तिथे ३०-४० बार्ज एकत्र बांधून नेता येतात. एका बार्जमध्ये साधारण १,५०० टन मका, सोयाबीन किंवा कोळसा. ही सगळी जुळवाजुळव पाण्यावरच होते, डिझेल आणि किराणासुद्धा मधोमध प्रवाहात पोचतो. खलाशाला काठावर पाय ठेवावा लागत नाही. ओहायोवर थोडं वर, पुलास्की काउंटीत, ऑल्मस्टेडचा जलपाश २०१८ मध्ये सुरू झाला. त्यावर सुमारे तीन अब्ज डॉलर खर्ची पडले. एवढा पैसा जवळून वाहून गेला, पण तो केरोत रुजला नाही.

पुलांमुळे गाव लहान झालं असतं, एवढं रिकामं झालं नसतं. दुसरं कारण लिहिताना मला जड जातं, पण ते टाळून या काउंटीचा इतिहास लिहिता येणार नाही. ११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला हजारोंच्या जमावानं भर रस्त्यात ठार मारलं. त्याच रात्री तुरुंगातून एका गोऱ्या कैद्यालाही ओढून काढून फासावर टांगलं. कैद्याला वाचवू न शकलेल्या शेरीफला राज्यपालांनी कायद्यानुसार पदावरून काढलं. त्याला परत घेण्याची खटपट सुरू झाली तेव्हा कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून केरोला आल्या, घरोघर बोलल्या, पुरावे गोळा केले आणि राज्याच्या राजधानीत वकिलांसमोर उभं राहून बाजू मांडली. शेरीफला पद परत मिळालं नाही. हा तपशील अनेकदा गाळला जातो, तुम्ही गाळू नका.

१९६२ मध्ये पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तरुण मुलंमुली दारासमोर गुडघे टेकून प्रार्थनेला बसली. त्या प्रसंगाचं छायाचित्र देशभर गेलं, आंदोलकांत पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुइसही होते. सर्वांसाठी खुला करण्यापेक्षा तलाव बंद करणं पत्करलं गेलं. जुलै १९६७ मध्ये रजेवर आलेला १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक रॉबर्ट हंट पोलीस ठाण्यात फासाला लटकलेला सापडला. आत्महत्या असं जाहीर झालं, लोकांनी ते मानलं नाही आणि गाव पेटलं. गोऱ्यांचं 'व्हाइट हॅट्स' नावाचं सशस्त्र पथक रस्त्यावर फिरू लागलं. १९६९ मध्ये 'युनायटेड फ्रंट' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं, आम्हाला नोकऱ्या देत नाहीत त्या दुकानांतून आम्ही खरेदी करणार नाही, असा बहिष्कार पुकारला. तो कित्येक वर्षं चालला, रात्री-अपरात्री गोळीबार होत राहिले. काळ्या माणसाला गल्ल्यावर बसवण्यापेक्षा दुकान बंद करणं बऱ्याच दुकानदारांनी पसंत केलं. कमर्शियल अव्हेन्यूवरची दारं एकेक करून लागली. १९६० मध्ये ९,३४८ असलेलं केरो १९७० मध्ये ६,२७७ वर आलं. दर तीन माणसांतला एक दहा वर्षांत गेला आणि त्या दहा वर्षांत गावात पुराचा थेंब शिरला नव्हता. १९८६ च्या अखेरीस रुग्णालय बंद पडलं. त्यानंतर काउंटीत जन्मलेली बाळं बहुधा बाहेरच जन्मली.

आता पूर. केरोला लेव्ही आणि काँक्रीटच्या भिंतीनं चहूबाजूंनी वेढलं आहे. उत्तरेकडून गावात शिरताना रेल्वेच्या भरावाखालून रस्ता जातो, त्या बोगद्यावर प्रचंड पोलादी दार टांगलेलं आहे. पाणी चढलं की ते खाली सोडतात आणि गाव बेटासारखं बंद होतं. १९३७ च्या महापुरात ओहायोकाठची शहरांमागून शहरं बुडाली. केरोला पाणी ५९.५ फुटांवर आलं, भिंत ६० फुटांची. लोकांनी भिंतीवर फळ्या ठोकून, मातीच्या पेट्या रचून आणखी तीन फूट चढवले. शिवाय समोरच्या मिसुरीतला बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगानं उडवून पाण्याला वाट दिली. गाव कोरडं राहिलं.

उंचीपेक्षा मला धास्ती असते ती खालच्या वाळूची. पाणी पंधरा-वीस दिवस बांधाला टेकून राहिलं की त्याचा दाब पायाखालच्या वाळूच्या थरातून आतल्या बाजूला पोचतो. मग बांधाच्या पायथ्याशी, एखाद्याच्या अंगणात, जमीन हलकेच फुगते आणि तिथून पाणी बुडबुडायला लागतं. भोवती वाळूचा शंकू तयार होतो, मुंगीच्या वारुळासारखा. याला सँड बॉइल म्हणतात. आम्ही त्याच्याजवळ उकिडवे बसतो आणि हातात पाणी घेऊन बघतो. निवळ असेल तर फक्त लक्ष ठेवायचं. गढूळ असेल, चिमटीत वाळू लागत असेल, तर बांधाचा पाया आतून वाहून निघाला आहे. नवखा माणूस ते भोक बुजवायला धावतो, ते कधीच करायचं नाही, दाब दुसरीकडून फुटतो. भोवती वाळूच्या गोण्यांचं गोल कडं रचायचं आणि आतलं पाणी वर चढू द्यायचं. आतबाहेरच्या पातळीतला फरक कमी झाला की वाळू येणं थांबतं, पाणी झिरपत राहिलं तरी चालतं. २०११ मध्ये केरोत असाच एक सँड बॉइल उठला. तो आवरायला डंपर भरभरून भराव टाकावा लागला, इतका मोठा.

त्या वर्षी २ मे रोजी केरोच्या मापपट्टीवर पाणी ६१.७२ फुटांवर गेलं, आजवरचं सर्वांत जास्त. आदल्या दिवशी गाव रिकामं करायला सांगितलं होतं. रात्री दहाच्या सुमारास सैन्याच्या अभियंता दलानं बर्ड्स पॉइंटचा बांध उडवला. १९२७ च्या पुरानंतर १९२८ च्या कायद्यानं ठरवून ठेवलेली ही पूरवाट, सुमारे १,३०,००० एकर सुपीक शेती. मिसुरी राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण स्थगिती मिळाली नाही. त्या आधी मिसुरीच्या विधानसभेच्या सभापतींनी शेतीपेक्षा केरो बुडालेलं बरं, असं म्हटलं आणि नंतर माफी मागितली. तांत्रिक दृष्टीनं निर्णय बरोबर होता, यात मला शंका नाही. पण पूरवाटेतल्या पिनहुक या छोट्या कृष्णवर्णीय वस्तीची घरं त्यात कायमची गेली, हे केरो वाचल्याच्या आनंदात विसरता येत नाही.

मग २०१० ते २०२० मध्ये नेमकं काय झालं? इथे आकडे नीट वेगळे करा, कारण बहुतेक बातम्या इथेच घसरतात. काउंटी २,९९८ माणसांनी घटली. त्यातली १,०९८ केरोची, २,८३१ वरून १,७३३. म्हणजे उरलेली १,९०० माणसं केरोबाहेरची. टक्केवारीत केरो सुमारे ३९ आणि बाकीची काउंटी ३५, जवळजवळ सारखीच. दोन ठिकाणची कारणं मात्र वेगळी आहेत.

केरोतलं मोठं कारण सरकारी घरं. १९४० च्या दशकातल्या एल्मवुड आणि मॅकब्राइड या वसाहती स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाच्या गैरकारभारानं राहण्यालायक उरल्या नाहीत. २०१६ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं प्राधिकरण ताब्यात घेतलं आणि २०१७ मध्ये त्या पाडायचा निर्णय जाहीर केला. सुमारे ४०० माणसांना घर सोडावं लागलं. गावात भाड्याची दुसरी घरं नव्हती, म्हणून कुटुंबं केप जिरार्डो, पडुका, कार्बनडेल अशी पांगली. शाळेतली मुलं गेली, त्यांच्याबरोबर शाळेचा निधीही.

केरोबाहेर दोन गोष्टी घडल्या. टॅम्सचा अतिसुरक्षा तुरुंग १९९८ मध्ये सुरू झाला होता, तो जानेवारी २०१३ मध्ये बंद झाला. अमेरिकेच्या जनगणनेत कैदी तुरुंगाच्या जागी मोजला जातो, म्हणून २०१० च्या आकड्यात ते कैदी होते आणि २०२० मध्ये नव्हते. शिवाय नोकऱ्या गेल्या त्या वेगळ्याच. तिथल्या एकांतकोठड्यांवर मानवी हक्कांच्या अंगानं गंभीर आक्षेप होते आणि ते रास्त होते. पण काउंटीला पर्यायी रोजगार कुणी दिला नाही. दुसरी गोष्ट ऑलिव्ह ब्रांच-मिलर सिटीकडची, आणि इथे नदीचा वाटा मान्यच करावा लागतो. तिकडचा लेन स्मॉल लेव्ही केरोच्या तोलाचा नाही. २०११ ला पाणी शिरलं. २ जानेवारी २०१६ ला मिसिसिपीनं तो फोडला आणि शेतात वाळूचे ढीग टाकले. डॉगटूथ बेंडच्या वळणाला नदी आता मधून आडवा छेद द्यायला बघते आहे. २०१९ ला पाणी महिनोनमहिने हटलं नाही. अनेक घरं सरकारनं विकत घेऊन पाडली, माणसं उंचावर किंवा काउंटीबाहेर गेली. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: केरोतली माणसं पुरामुळे गेली नाहीत, ऑलिव्ह ब्रांचकडची बऱ्याच अंशी पुरामुळे गेली.

एक धोका मला रोजच्या कामात दिसतो. बांधाच्या दुरुस्तीला केंद्राचा निधी मागताना खर्चासमोर फायदा दाखवावा लागतो आणि फायदा म्हणजे बांधाच्या आडच्या मालमत्तेची किंमत. घरं पडली की फायदा घटतो, निधीची बाजू लंगडी होते. पंप चालवणं, गवत कापणं, उंदीर-घुशींची बिळं बुजवणं हे स्थानिक करातून होतं आणि करदाते रोडावले आहेत. १५,००० माणसांसाठी बांधलेली भिंत आज १,७०० माणसं सांभाळत आहेत. तिची लांबी तेवढीच आहे, उंचीही तेवढीच. या सूत्रात माणसांची गणती वेगळी व्हायला हवी असं मी अनेक बैठकांत म्हटलं आहे आणि म्हणत राहीन.

जे राहिले आहेत ते हात बांधून बसलेले नाहीत. २०१५ मध्ये गावातलं शेवटचं किराणा दुकान बंद झालं. त्यानंतर ताज्या भाजीसाठी नदी ओलांडून जावं लागायचं. रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचं दुकान जून २०२३ मध्ये उघडलं. संगमावर नदीबंदर उभारण्याची खटपट चालू आहे, त्यासाठी राज्यानं २०२० मध्ये चार कोटी डॉलर जाहीर केले. बार्ज पुन्हा काठाला लागल्या तर १८८९ पासून तुटलेला धागा जुळू शकतो, म्हणून त्या प्रकल्पाकडे मी आशेनं बघतो.

तुम्ही प्रत्यक्ष जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. मार्च ते मे फोर्ट डिफायन्सचं उद्यान पाण्याखाली असू शकतं, निघण्याआधी मापपट्टीचा आकडा बघा. कस्टम हाउसच्या संग्रहालयासाठी दोन तास ठेवा आणि वेळेची आधी चौकशी करा. तिथून लेव्हीवर चढा, ओहायोच्या बाजूनं उत्तरेला चालत पोलादी दारापर्यंत या. नंतर थीब्जच्या न्यायालयापाशी जाऊन खाली नदीची खडकाळ चिंचोळी वाट बघा. गावात घरांचे फोटो काढण्याआधी तिथल्या माणसांशी बोला. बाहेरून येणारे लोक फक्त मोडक्या इमारतींचे फोटो काढून निघून जातात, याचा त्यांना मनस्वी त्रास होतो. जनगणनेचे तक्ते काढताना १९४० पासूनचे दर दहा वर्षांचे आकडे केरो आणि केरोबाहेर असे दोन स्तंभांत मांडा. ते झाले की पाठवा, मी माझ्या बांधांच्या नोंदींशी ताडून देतो.